‘भीती घालणारा लेख’ या प्रतिक्रियेला उत्तर

निपाणीहून लिहिणाऱ्या वाचकांस, सप्रेम नमस्कार.

कमरेच्या मणक्यातल्या चकतीच्या शस्त्रक्रियेनंतर काय बिघडू शकते आणि माणूस किती दिवसांत सावरतो, या माझ्या लेखावरची आपली प्रतिक्रिया मी तीनदा वाचली. लेखामुळे रुग्ण घाबरून शस्त्रक्रिया लांबवतील, एका माणसाच्या अनुभवावरून सल्ला देऊ नये, ‘गादी सरकते’ हे म्हणणे चुकीचे आहे आणि आपले मामा तर तिसऱ्या आठवड्यात तंबाखूच्या शेतात उभे होते, असे आपण लिहिले आहे. शेवटी आपण लिहिता, “गुरुजी, तुम्ही खडू-फळ्याचे बघा, कण्याचे डॉक्टरांवर सोडा.”

गादीबद्दल आपले म्हणणे मान्य. चकती, म्हणजे दोन मणक्यांमधली ही गादी, जागची सरकत नाही. तिचे बाहेरचे चिवट कवच फाटते, आतला मऊ गर बाहेर येतो आणि शेजारच्या नसेवर दाबतो. आपल्याकडे सगळे ‘गादी सरकली’ किंवा ‘मणक्यात गॅप आला’ असेच म्हणतात म्हणून मी तसे लिहिले. पण शिक्षकाने शब्द नेमका वापरायला हवा होता.

आता त्या शेवटच्या वाक्याबद्दल. मी 34 वर्षे खानापूर तालुक्यातल्या मराठी शाळेत शिकवले. खडू-फळ्याचा उल्लेख कोणी कमीपणाने केला तर मला लागते, हे मी लपवणार नाही. मतभेद असावेत, परंतु वयाने मोठ्या माणसाला त्याच्या व्यवसायावरून गप्प बसवण्याची ही कोणती रीत? आणि ज्या गोष्टी डॉक्टरांवर सोडाव्यात असे आपण म्हणता, त्या मी एकदा पूर्णपणे सोडल्या होत्या. त्याचे काय झाले ते लेखात दोन ओळींत लिहिले होते, येथे सविस्तर सांगतो.

नऊ वर्षांपूर्वी माझ्या कमरेच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्यांमधल्या चकतीची शस्त्रक्रिया झाली. रुग्णालयाचे नाव मी तेव्हाही लिहिले नाही, आजही लिहिणार नाही. संमतीचा कागद इंग्रजीत होता आणि तो समजावून सांगणाऱ्या बाई घाईघाईने कन्नडमध्ये बोलल्या. माझे कन्नड बसमधले आणि बाजारातले; नसांभोवतीच्या आवरणाला, त्यातल्या द्रवाला त्या भाषेत काय म्हणतात हे मला ठाऊक नव्हते. मी मान हलवली आणि सही केली. पायातली कळ त्याच संध्याकाळी गेली, म्हणून आम्ही सगळे आनंदात होतो. तिसऱ्या दिवशी घरी आल्यावर मात्र उठून बसले की डोके फुटेल असे दुखायचे आणि आडवे झाले की थांबायचे. भेटायला आलेले लोक म्हणाले, अशक्तपणा आहे. पाचव्या दिवशी पाठीवरची पट्टी ओली झाली. रक्त नाही, पू नाही, स्वच्छ पाणी. पत्नीला तो घाम वाटला. त्यात आमचे दोन दिवस गेले.

ते पाणी म्हणजे मेंदू आणि मज्जारज्जूभोवतीचा द्रव होता. शस्त्रक्रियेत नसांभोवतीचे आवरण फाटले की तो झिरपतो. शंभरातल्या काही जणांच्या बाबतीत असे होते. तेथेच लक्षात आले तर टाका घालून आवरण बंद करतात आणि बहुतेकांना पुढे काही त्रास राहत नाही. घरी आल्यावर कळले तर मात्र थांबायचे नसते, कारण त्याच वाटेने जंतुसंसर्ग आत पोहोचू शकतो. मला पुन्हा टाके घालावे लागले आणि कित्येक दिवस उताणे पडून राहावे लागले. हे सगळे मला पुढे मिरजेच्या एका डॉक्टरांनी कागदाच्या पाठीमागे चित्र काढून मराठीत समजावले. मला भीती वाटली होती ती त्या चित्राआधीच्या दिवसांत. आपण ज्याला भीती घालणे म्हणता, ते चित्र मी लेखात शब्दांनी काढले आहे, आमच्या सीमाभागातल्या ज्या माणसाच्या हातात इंग्रजी कागद आणि कानावर कन्नड शब्द येतात त्याच्यासाठी.

आपल्या मामांना आराम पडला याचा मला मनापासून आनंद आहे. परंतु एका माणसाचा अनुभव पुरावा नसतो असे मला सुनावून त्याच परिच्छेदात आपण मामांना पुरावा म्हणून उभे करता, हे कसे? कवचाला पडलेले छिद्र भरायला वेळ लागतो. त्याच जागी गर पुन्हा बाहेर येण्याचे प्रमाण साधारण 5 ते 15 टक्के सांगितले जाते. म्हणून चालणे पहिल्या दिवसापासून, पण वाकणे, पिळणे, ओझे उचलणे पहिले काही आठवडे नाही, असे मला सांगितले गेले आणि तेच मी लिहिले. काही डॉक्टर आता ही बंधने लवकर सैल करतात हा आपला मुद्दा ज्याने त्याने आपल्या डॉक्टरांशी बोलून ठरवावा. सावरण्याची गतीही सर्वांची सारखी नसते. कळ लवकर जाते, बधिरपणा मागे रेंगाळतो. नसेचे तंतूच तुटले असतील तर ते दिवसाला जेमतेम 1 मिलिमीटर वाढतात आणि कमरेपासून पावलापर्यंतचे अंतर आपणच मोजावे. माझ्या उजव्या पायातली चप्पल वर्षभर नकळत निसटत होती आणि अंगठा अजूनही पूर्ण माझा नाही.

रुग्ण शस्त्रक्रिया टाळतील म्हणता, तर लेखाचा तिसरा परिच्छेद पुन्हा पाहावा. बहुतेकांचे दुखणे 6 ते 12 आठवड्यांत शस्त्रक्रियेविना उतरते. पण लघवी अडकली, बसण्याची जागा बधिर झाली किंवा पाऊल उचलेनासे झाले तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे, असे तेथे स्पष्ट लिहिले आहे. ते न वाचताच आपण लिहायला बसलात असे मला वाटते. बाकीच्या मुद्द्यांची उत्तरेही लेखातच आहेत.

गादीचे वाक्य आज सकाळी दुरुस्त केले आहे. पट्टी ओली होण्याबद्दलचा परिच्छेद आहे तसाच राहील.