पंचकल्याणी गाढव

परवा रंगाच्या दुकानात एका अनोळखी म्हाताऱ्यानं माझ्या घोड्याला चारचौघांत गाढव म्हटलं. मला म्हटलं असतं तर सोडून दिलं असतं, घरी सवय आहे.

घोडा वीतभर उंचीचा, ब्रेयर या अमेरिकन कंपनीचा. 1950 साली घड्याळाच्या शोभेसाठी त्यांनी एक घोडा केला, लोक घड्याळ सोडून घोडाच मागायला लागले आणि कंपनी घोडेवाली झाली. आमचा घोडा मित्राच्या काकानं तिकडून आणलेला. सातवीत आम्ही तो वाटून घेतला, एक आठवडा त्याच्याकडे, एक माझ्याकडे. त्याच्या वडिलांची बदली झाली तो आठवडा माझा होता. तो आठवडा आता 36 वर्षं चालू आहे.

2019 च्या पुरात सांगलीच्या आयर्विन पुलाशी पाणी 57 फुटांवर गेलं, तेव्हा गावभागातलं आमचं कपाट बुडालं आणि हे पोकळ जनावर तरंगत राहिलं. पाणी ओसरल्यावर गाळात चारी पाय वर करून सापडलं. रंगाचे पोपडे तेव्हापासूनचे. मित्र यंदा दिवाळीला येतोय, म्हणून म्हटलं रंगवू.

“थिनर मारा काका, झटक्यात सुटतंय,” दुकानातला पोरगा म्हणाला. सुटलं. रंगाबरोबर घोड्याचा मागचा पुठ्ठाही सुटला. हे प्लास्टिक सेल्युलोज ॲसिटेटचं, आणि थिनरमधलं ॲसिटोन ते विरघळवतं. ही विद्या मला नंतर मिळाली. पोराला अजून मिळालेली नाही. थिनरचे पैसेही मला मिळालेले नाहीत.

तर खड्डा बुजवायला लांबी, म्हणजे रंगाऱ्यांची पुट्टी, आणायला गेलो. स्टुलावर हे आजोबा बसलेले.

“कसलं वो हे? गाढाव?”

“घोडा आहे.”

“आसंल.” हातात घेऊन त्यांनी तोंडात नख घालून पाहिलं. “दात कुठं हायत? वय कसं कळायचं?”

“चाळीसएक असेल.”

“चाळीस? घोडं तिशीच्या पुढं जगतंय व्हय! अंगावरचा केसांचा भवरा कुठं हाय?”

“विरघळला.”

मागं पुट्टीची गोणी खांद्यावर घेतलेला एक जण खो खो हसला. गोणी काही त्यानं खाली ठेवली नाही.

“ह्यो एक पाय उचलल्याला. म्हंजे पुतळ्यांचं म्हणत्यात तसं, स्वार जखमी हून मेला.”

“आजोबा, ह्याच्यावर स्वारच नाही.”

“मंग मेलाच की!”

यावर दुकानदारही हसला. ह्याच दुकानातून मी घराच्या रंगाचे वीस-वीस लिटरचे डबे नेलेत, तेव्हा चहा आला होता.

“रंग कंचा देनार?”

“तांबडा. तीन पाय पांढरे, पहिल्यापासून होते तसे.”

“तीन?” आजोबा स्टुलावरून उठले. “चारी पाय आन् त्वांड पांढरं, तर पंचकल्यानी. लई शुभ. एका पायासाठी कशाला चिंगूसपणा?”

“साहेब, पांढऱ्याची छोटी डबी देऊ का?” दुकानदार.

मी डबी घेतली नाही. तत्त्व म्हणून.

मोबाईलच्या फुटक्या काचेला पाच हजार घालणारा माणूस व्यवहारी, आणि पन्नाशीला आलेला माणूस शाळेतला घोडा दुरुस्त करतो तो अर्धवट. ही कुठली रीत? माझे लांबी, प्रायमर, पॉलिश पेपर धरून चारशे गेले. त्यात शून्य नंबरच्या ब्रशचे केस पहिल्याच पायाला चिकटले, त्यामुळे त्या खुरावर आता खरोखरचे केस आहेत. मी ते काढले नाहीत. निदान तिथं तरी गाढव म्हणायला जागा नको.

घरात उरलेल्या पांढऱ्यात तीन पाय कसेबसे भागले. काल रात्री मित्राला फोटो पाठवला. दोन निळ्या खुणा आल्या. मग अर्धा तास काही नाही. मग उत्तर आलं:

“भारी! पण चौथा पाय पण पांढरा होता ना रे?”

दुकान सोमवारी बंद असतं. मंगळवारी म्हातारा स्टुलावर नसेल अशा वेळी जाऊन ती डबी आणायची आहे.