हॉलवरच्या मामांसाठी एक पुरस्कार

गेल्या आठवड्यात शरीररचनाशास्त्राच्या अध्यापकांच्या परिषदेहून रत्नागिरीला परतलो. समारोपाला उत्कृष्ट शोधनिबंध, उत्कृष्ट पोस्टर, तरुण संशोधक, ज्येष्ठ अध्यापक असे पुरस्कार दिले गेले. ते मिळवणाऱ्यांत माझे दोन विद्यार्थी होते आणि त्यांचा मला मनापासून अभिमान आहे. तेव्हा पुढे जे लिहितो आहे ते कोणाच्या यशाबद्दलची कुरकुर म्हणून वाचू नये. माझे म्हणणे एवढेच आहे की ज्या विषयाचे सारे शिक्षण मृतदेहाभोवती उभे आहे, त्या विषयाच्या आपल्या परिषदांत तो देह राखणाऱ्या माणसासाठी एकही पुरस्कार मी आजवर पाहिलेला नाही, आणि ही उणीव आता आपणच भरून काढायला हवी.

आपल्या विषयाच्या संघटना जुन्या आहेत. ब्रिटनमधली १८८७ ची, अमेरिकेतली १८८८ ची, आणि आपली अ‍ॅनॉटॉमिकल सोसायटी ऑफ इंडिया १९५१ ची. अमेरिकन संघटनेने मज्जासंस्थेच्या रचनेवरील कामासाठी हेरिक, पेशीविज्ञानासाठी बेन्स्ली, विकासजीवशास्त्रासाठी मॉसमन अशा त्या त्या शाखेतल्या मोठ्या माणसांच्या नावांनी पुरस्कार ठेवले आहेत. ही पद्धत मला आवडते, कारण पुरस्कार घेणारा तरुण त्या निमित्ताने तरी ते नाव कोणाचे हे शोधून वाचतो. संशोधन आणि अध्यापन यांसाठीचे त्यांचे मानाचे पुरस्कार हेन्री ग्रे यांच्या नावाने दिले जात आले आहेत, आणि इथे मी थोडा थांबतो, कारण ग्रे यांच्या शरीररचनेवरच्या ‘ग्रेज अ‍ॅनाटॉमी’ या ग्रंथाचा एक धागा थेट आपल्या मुलखापर्यंत येतो.

१८५८ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या ग्रंथाचा मजकूर ग्रे यांचा, पण त्यातली ३६३ चित्रे हेन्री व्हँडाइक कार्टर यांनी काढली होती. विच्छेदनेही दोघांनी मिळून केली होती. अवयवाचे नाव बाजूला रेघ ओढून न देता त्या अवयवावरच लिहिण्याची कार्टर यांची रीत विद्यार्थ्यांना इतकी सोयीची ठरली की ग्रंथाच्या यशात चित्रांचा वाटा मजकुराइतकाच मानावा लागतो. तरीही छपाईपूर्वी शीर्षकपृष्ठाचे मुद्रित हाती आले तेव्हा कार्टर यांच्या नावाचा टंक लहान करावा अशी खूण ग्रे यांनी स्वतः केली. ग्रे यांना खपावर मानधन मिळत राहिले, कार्टर यांना एकदाच ठरावीक रक्कम मिळाली. ग्रंथ बाजारात आला तेव्हा कार्टर मुंबईला येऊन पोहोचले होते. पुढे ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांनी हाच विषय शिकवला, साताऱ्याला सिव्हिल सर्जन म्हणून काही वर्षे काढली, कुष्ठरोगावर आणि पायाला होणाऱ्या बुरशीच्या रोगावर मोलाचे संशोधन केले. एवढा आपला माणूस, पण ग्रंथ जगभर ओळखला जातो तो एकट्या ग्रे यांच्या नावाने.

कार्टर आठवले की मला आमच्या विच्छेदनाच्या हॉलवरचे मामा आठवतात. वैद्यकीय महाविद्यालयांत ज्यांना कागदोपत्री परिचर म्हणतात, त्यांना विद्यार्थी आणि अध्यापक सारेच मामा म्हणतात. मी ज्या महाविद्यालयात शिकवत होतो तिथे देहदानाचा निरोप आला की पहिला फोन मामांना जात असे. एका श्रावणात दाभोळच्या खाडीकाठच्या गावातून एका निवृत्त प्राथमिक शिक्षकांचा देह आला. पाऊस कोसळत होता, रस्त्यावर झाड पडल्याने रुग्णवाहिकेला दुप्पट वेळ लागला होता, आणि कोकणातल्या दमट हवेत देह फार काळ थांबत नाही. मामा रात्री साडेदहाला घरून भिजत आले. मांडीतली धमनी शोधून त्यांनी नळी बसवली आणि फॉर्मॅलिन, ग्लिसरीन, फिनॉल यांचे द्रावण अगदी संथपणे सोडायला सुरुवात केली, कारण घाई केली तर ऊतक सुजते आणि वर्षभराचे विच्छेदन बिघडते. द्रावण बोटांच्या टोकांपर्यंत पोहोचते आहे की नाही हे ते हात लावून पाहत, न पोहोचलेल्या भागाला खालून वर चोळत पहाटेपर्यंत उभे होते. मी तिथे होतो. मात्र त्या रात्री माझ्या पदवीचा उपयोग त्यांना सामान हातात देण्यापुरताच होता.

पुढचे वर्षभर चेहऱ्यावर, हातापायांवर ओले फडके राहील, पावसाळ्यात बुरशीचा ठिपका दिसताच तो पुसला जाईल, याची काळजी तेच घेत. संग्रहालयातले भुजेच्या मज्जातंतूजालाचे जे विच्छेदन आम्ही परीक्षकांना अभिमानाने दाखवत असू, त्याचा बराचसा भाग मामांच्या हातचा होता. खालच्या चिठ्ठीवर मात्र विभागाचे नाव होते. ती चिठ्ठी मीच लिहिली होती आणि तेव्हा मला त्यात काही चुकते आहे असे वाटले नाही, याची आज खंत वाटते. फॉर्मॅल्डिहाइड माणसात कर्करोग घडवू शकते हे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने स्पष्ट केले आहे. अध्यापक त्या हवेत दोन-तीन तास असतो, मामा दिवसभर असतात, आणि कित्येक वर्षे त्यांना साधा योग्य मुखपट्टाही मिळत नव्हता. निवृत्तीच्या दिवशी त्यांना शाल-श्रीफळ मिळाले, तेही विभागातल्या आम्ही वर्गणी काढली म्हणून.

मामा संघटनेचे सभासद नसतात, मग त्यांना पुरस्कार कसा देणार, असे मला परिषदेत एका सहकाऱ्यांनी विचारले. सभासदत्व ही आपणच घातलेली अट आहे आणि ती आपणच सैल करू शकतो. विभागप्रमुखांनी शिफारस करावी, केलेल्या कामाचे छायाचित्र आणि विद्यार्थ्यांची दोन पत्रे जोडावीत, एवढ्यावर निवड करता येईल. शोधनिबंधाची आणि वयाची अट त्यात असू नये. पुरस्काराबरोबर नवीन संरक्षक साहित्य आणि एका चांगल्या प्रयोगशाळेत आठवडाभराचे प्रशिक्षण दिले, तर सन्मानचिन्हापेक्षा त्याचा उपयोग अधिक होईल.

देहदात्यांचा प्रश्न वेगळा आहे आणि त्यांच्या सन्मानाला पुरस्कार म्हणणे मला योग्य वाटत नाही. २०१९ पासूनच्या वैद्यकीय अभ्यासक्रमात मृतदेहाला पहिला शिक्षक मानण्याचा पाठ आला, विद्यार्थी शपथही घेतात, ही फार चांगली सुरुवात झाली. दाभोळकडच्या त्या निवृत्त प्राथमिक शिक्षकांच्या घरून दहाव्याला काय करायचे, असे विचारणारा फोन आला होता आणि माझ्याकडे उत्तर नव्हते. परिषदेच्या उद्घाटनात, दीपप्रज्वलनाआधी, त्या वर्षीच्या दात्यांची नावे कुटुंबांच्या संमतीने वाचली जावीत आणि शक्य त्या कुटुंबांना समोरच्या रांगेत बसवावे, एवढे मला सुचते.

या दोन्ही सूचनांचा लेखी ठराव मी पुढच्या सर्वसाधारण सभेसाठी पाठवणार आहे. त्याला अनुमोदक लागतील. रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्गातल्या महाविद्यालयांत शिकवणाऱ्या सहकाऱ्यांनी आपल्या हॉलवर कोण मामा किंवा मावशी आहेत, त्या किती वर्षे हे काम करत आहेत आणि संग्रहालयातली कोणती विच्छेदने त्यांच्या हातची आहेत, हे त्यांना विचारून मला कळवावे. चिठ्ठीवर त्यांचे नाव लिहायला मात्र ठरावाची वाट पाहू नये.