'तेव्हा फोटोशॉप नव्हतं' म्हणून फोटो बोलतो ते खरं?

समाजमाध्यमांवर एक मजकूर अधूनमधून डोकं वर काढतो. सोबत तीन जुने फोटो असतात: लखनऊच्या सिकंदरबागेत पसरलेली हाडं, चीनचा राजपुत्र गाँग आणि इंग्रज-अफगाण युद्धात अफगाणिस्तानातल्या गंदमकला झालेल्या तहासाठी जमलेली दोन्हीकडची मंडळी. दावा असा की तेव्हा फोटोशॉप नव्हतं. इतिहासकार खोटं लिहितील, पण हे फोटो म्हणजे घडलं तसंच्या तसं. फोटो तिन्ही अस्सल आहेत. घोळ त्या 'तसंच्या तसं'मध्ये आहे.

सिकंदरबागेचा फोटो म्हणे लढाई संपताच काढलाय. लढाई झाली १६ नोव्हेंबर १८५७ ला. इंग्रज सेनापती कॉलिन कॅम्पबेलच्या फौजेने बागेत कोंडलेले सुमारे दोन हजार बंडवाले शिपाई कापून काढले. फोटो काढणारा फेलिचे बिआटो तेव्हा हिंदुस्थानात आलेलाही नव्हता. तो लखनऊला पोचला तो मार्च १८५८ मध्ये शहर पुन्हा इंग्रजांच्या हाती गेल्यावर. मग इतक्या महिन्यांनी हाडं अंगणात कशी? जॉर्ज कॅम्पबेल या इंग्रज अधिकाऱ्याने आठवणींत लिहून ठेवलंय की प्रेतं नीट झाकलेली होती, फोटोसाठी ती उघडायला लावली. फोटोत मागे माणसं निवांत उभी आहेत, शेजारी घोडा आहे. एवढ्या कत्तलीच्या दिवशी कोण असं उभं राहील? शिवाय त्या काळी काचेवर चित्र उमटायला काही सेकंद लागत, हललेला माणूस पुसट व्हायचा. त्यामुळे चालू लढाई टिपणं हा प्रश्नच नव्हता. कत्तल झालीच. हा फोटो मात्र सूड पुरा झाल्यावर जेत्याने दाखवायला मांडलेला आहे.

'फेरफार करायची सोयच नव्हती' हे दुसरं वाक्य. फेरफार काचेवर करायची गरजच काय? कॅमेऱ्यासमोर करता येतो. २१ ऑगस्ट १८६० ला इंग्रज-फ्रेंच फौजेने चीनमधला ताकूचा किल्ला घेतला, तेव्हा हाच बिआटो सोबत होता. फौजेतला डॉक्टर रेनी लिहितो, की मेलेल्या चिनी सैनिकांचा एक घोळका पाहून बिआटो 'सुंदर' म्हणाला आणि माझा फोटो होईपर्यंत कुणी हात लावू नका, अशी विनवणी करत राहिला.

आता गाँगचा फोटो. खाली ओळ असते: 'तहावर सही करताना'. हा तह त्याच युद्धाच्या शेवटी झाला. सही झाली पेकिंगमध्ये (आजचं बीजिंग), २४ ऑक्टोबर १८६० ला. समोर इंग्रजांचा प्रतिनिधी लॉर्ड एल्गिन. त्याच्याच हुकमाने सहा दिवस आधी बादशहाचा उन्हाळी राजवाडा पेटवला होता. बादशहा जेहोलला पळालेला, मागे निस्तरायला हा सत्तावीस वर्षांचा भाऊ. ऐन समारंभात बिआटोने दारात कॅमेरा मांडला आणि भिंग थेट गाँगच्या छातीवर रोखलं. सेनापती होप ग्रँट सांगतो, की तो पांढराफटक पडला. त्याला ती तोफच वाटली, आता डोकं उडणार असं वाटलं. गेला आठवडा ज्याने पाहिला त्याला दुसरं काय वाटणार? (ग्रँटने हे गंमत म्हणून लिहिलंय.) तुमचा फोटो काढतोय, असं सांगितल्यावर कुठे त्याचा चेहरा खुलला. आणि फोटो? उजेड कमी पडला, साफ फसला. म्हणजे सहीच्या क्षणाचा फोटोच नाही. फिरतो तो २ नोव्हेंबरला वेगळा बसवून काढलेला.

गंदमकबद्दल 'सगळे एका रांगेत बसलेत, म्हणजे तह बरोबरीचा' असा युक्तिवाद असतो. जॉन बर्कच्या त्या फोटोत अफगाणिस्तानचा अमीर याकूब खान, इंग्रजांतर्फे तह करणारा कॅव्हेग्नरी, त्याचा चिटणीस जेंकिन्स आणि दोन अफगाण अधिकारी शेजारी शेजारी आहेत खरे. पण २६ मे १८७९ च्या कलमांनी अफगाणिस्तानचं परराष्ट्र धोरण इंग्रजांकडे गेलं, काबूलमध्ये इंग्रज राजदूत म्हणून कॅव्हेग्नरीच बसला, खैबर खिंडीचा ताबा गेला. बदल्यात अमिराला वर्षाला सहा लाख रुपये. खुर्च्या सारख्या उंचीच्या होत्या, एवढाच तो पुरावा. ३ सप्टेंबरला काबूलमध्ये कॅव्हेग्नरी आणि जेंकिन्स दोघेही मारले गेले, युद्ध पुन्हा पेटलं आणि ऑक्टोबरात याकूब खानाने गादी सोडली. पुढे इंग्रजांनी त्याला हिंदुस्थानात आणून ठेवलं.