सीनियर मीच आहे हो!

काल रात्री पुन्हा तेच. प्रॉडक्शन, म्हणजे क्लायंटची चालू सिस्टीम, आडवं झालेलं, ब्रिज कॉलवर (अशा वेळी सगळ्यांना जोडणाऱ्या कॉलवर) बावीस माणसं, मी कॅमेरा चालू करून तोंड उघडते न उघडते तोच क्लायंटकडचे साहेब म्हणतात, "बेटा, टीम में कोई सीनियर है क्या?"

बेटा! अहो, चौतीस वर्षांची घोडी आहे मी. अकरा वर्षं डेटाबेसमध्ये काढलीत. उंची पाच फूट आणि चेहरा आईच्या माहेरचा, त्या घराण्यात सगळ्याच बायका पन्नाशीपर्यंत बारावीतल्या दिसतात. त्याला मी काय करू? रेझ्युमेला जन्मदाखला जोडू?

आणि संताप नुसता 'बेटा'चा नाहीये. मंगळवारी चेंज रिव्ह्यू होता, म्हणजे सिस्टीममधल्या बदलांना मंजुरी द्यायची मीटिंग. आठ कोटी ओळींचं ऑर्डर्सचं टेबल, त्यावर नवीन इंडेक्स, म्हणजे पुस्तकामागच्या सूचीसारखी शोधयादी, टाकायचा होता. मी स्पष्ट सांगितलं की पोस्टग्रेसमध्ये, म्हणजे आमच्या डेटाबेसमध्ये, चालू टेबलवर साधा 'क्रिएट इंडेक्स' मारायचा नाही, 'कन्करन्टली' लावायचं. नाहीतर इंडेक्स बनेपर्यंत वाचणं चालू राहतं, पण लिहिणं बंद. म्हणजे एकही ऑर्डर आत येणार नाही. एवढं सगळं ऐकून साहेबांनी मान डोलावली आणि माझ्या शेजारी बसलेल्या पोराला विचारलं, "सर, ये सही है ना?"

सर! हा पोरगा सव्वीस वर्षांचा. दोन वर्षांपूर्वी दोन टेबलं जोडायचं 'लेफ्ट जॉइन' म्हणजे काय ते कागदावर दोन गोल काढून मी त्याला शिकवलंय. त्याचं क्वालिफिकेशन काय, तर दाढी. भरघोस, काळीभोर दाढी. बिचारा गोरामोरा होऊन म्हणाला, "मॅम म्हणतायत तसंच करायला हवं." तेव्हा कुठे मिनिट्समध्ये नोंद झाली. त्याच्या नावावर.

पुढे काय झालं असेल? कन्करन्टलीला वेळ जास्त लागतो, कारण ते टेबल दोनदा चाळतं. म्हणून त्यांच्याकडच्या कोणीतरी शहाण्याने काल रात्री अकराला तो शब्दच काढून टाकला. 'लहान पोरगी आहे, जास्तच घाबरते' असं काहीतरी मनात आलं असणार. लॉक लागला, पाठीमागे इन्सर्ट-अपडेटची रांग, डेटाबेसशी बोलायच्या सगळ्या लाइनी (कनेक्शन पूल) भरल्या, अ‍ॅप मेलं. डेटाबेसमध्ये आत्ता काय चाललंय ते दाखवणारं पीजी-स्टॅट-अ‍ॅक्टिव्हिटी मी उघडलं तर स्क्रीनभर नुसतं लॉक, लॉक, लॉक. ती एक क्वेरी कॅन्सल केली आणि चार मिनिटांत सगळं वाहायला लागलं. ते 'कोई सीनियर है क्या' त्या चार मिनिटांच्या मधोमध आलं बरं का. एका हाताने क्वेरी मारतेय आणि तोंडाने स्वतःची ओळख करून देतेय, "जी सर, मैं ही लीड हूँ." सहाव्यांदा. याच क्लायंटला.

हिंजवडीत फेज थ्रीच्या गेटवर तर रोजचंच. गळ्यात आयडी लटकतोय तरी, "इंटर्नशिपवाले तिकडून, ताई." त्या वॉचमनकाकांवर माझा राग नाही, ते दिवसभर हजार चेहरे बघतात. राग आहे तो मी इंटरव्ह्यू घ्यायला बसते तेव्हा समोरचा उमेदवार पाच मिनिटं इकडच्या तिकडच्या गप्पा मारून विचारतो, "पॅनल कधी जॉइन होणारे?" त्याचा. बाबा रे, पॅनल तुझ्यासमोर बसलंय.

आणि सल्ले! साडी नेसत जा. केस वर बांध. जरा खालच्या पट्टीत बोल. चष्मा लाव. हो, तेही केलं. नऊशे रुपये घालून बिननंबरचा चष्मा घेतला. लिफ्टमध्ये एका काकूंनी विचारलं, "कॅम्पसमधून आलात का गं सगळ्या?"

वर बायकाच म्हणतात, "अगं नशीबवान आहेस, चाळिशीत कळेल किंमत." चाळिशीत काय होणार ते मला आत्ताच कळतंय. तेव्हा म्हणतील, मॅडमना नवीन टेक्नॉलॉजी झेपत नाही. मध्ये कधीतरी वर्ष-दीड वर्ष माझं वय यांच्या मते बरोबर असेल, तेवढ्यात काय ते बोलून घ्यायचं.

यंदा 8 मार्चला आमच्या एचआरने गुलाब वाटले आणि स्लाइडवर एनिअ‍ॅक या सुरुवातीच्या इलेक्ट्रॉनिक कॉम्प्युटरचा फोटो लावला. खोलीभर पसरलेला तो कॉम्प्युटर, पुढ्यात उभ्या बायका. 15 फेब्रुवारी 1946 ला फिलाडेल्फियात त्याचं जाहीर प्रात्यक्षिक झालं. त्यात तोफगोळ्याचा मार्ग काढून दाखवणारा प्रोग्रॅम बेटी जेनिंग्ज आणि बेटी स्नायडर या दोघींनी तयार केला होता. रात्री मोठी मेजवानी झाली, तिचं आमंत्रण या दोघींना नव्हतं. पुढे कित्येक वर्षं लोकांना वाटायचं की फोटोतल्या बायका म्हणजे फ्रिजच्या जाहिरातीत उभ्या करतात तशा मॉडेल आहेत. स्लाइड बघून सगळ्यांनी च्‌च्‌ केलं, टाळ्या वाजवल्या. हॉलमधून बाहेर पडताना दुसऱ्या प्रोजेक्टचे एक मॅनेजर मला म्हणाले, "कार्यक्रम छान झाला हं, एचआरमध्ये नवीन का?" हातात गुलाब होता म्हणून वाचले, लॅपटॉप असता तर फेकून मारला असता.

असो. आज सकाळी आभाराची मेल आली. 'ग्रेट सेव्ह, टीम!' टू मध्ये दाढी, मी सीसीत. दाढीने लगेच रिप्लाय-ऑल करून लिहिलं की काम मॅमनी केलंय, माझी तर कालच्या कॉलवर शिफ्टही नव्हती. त्यावर साहेबांचा अंगठा.

उद्या साडेनऊला आरसीए, म्हणजे बिघाडाचं मूळ कारण शोधायचा, कॉल आहे. इंडेक्स कोणी मारला, का मारला, 'कन्करन्टली' कुठे गेलं, हे सगळं त्यात निघणार. इन्व्हाइट उघडून बघितलं. माझ्या नावापुढे लिहिलंय, 'ऑप्शनल'.