घोरणं म्हणजे गाढ झोप नव्हे

गेल्या महिन्यात एका रविवारी कोल्हापुरात शिवाजी पेठेत आत्तीकडं जेवायला गेले होते. जेवणं झाल्यावर सवयीनं मामांच्या, म्हणजे आत्तीच्या नवऱ्याच्या, गोळ्यांची डबी उघडली. माझं मेडिकल आहे. मामांची औषधं माझ्याच दुकानातून जातात, त्यामुळं कुठल्या तारखेला किती गोळ्या शिल्लक हव्यात हे मला पाठ असतं. दोन्ही स्ट्रिपांत नऊ-नऊ गोळ्या जास्त होत्या. आत्तीला विचारलं तर ती अगदी आनंदानं म्हणाली, "नऊ दिस झालं बंद केल्यात. आता बघ कसं गाढ झोपत्यात. झोप झाली की बीपी आपोआप उतरतंय म्हणं." आणि तिनं मोबाईल पुढं केला.

दुकानातून मशीन आणून बीपी मोजलं. १७८ वर १०४. मामांची अँजिओप्लास्टी झालेली आहे. डॉक्टरांना तिथूनच फोन लावला आणि त्यांनी सांगितलं तशा गोळ्या त्याच रात्री पुन्हा सुरू झाल्या. आत्तीचा मला राग आला नाही. चाळीस वर्षं नवऱ्याच्या उशाशी बसलेल्या बाईनं त्याच्या भल्यासाठीच ते केलं होतं. राग आला तो मेसेजचा. "औषधाविना शांत झोप, कंपन्या लपवतात ती ७ सत्यं" असं त्याचं नाव. आत्तीला तो भजनी मंडळाच्या ग्रुपवर आला. गेल्या पंधरवड्यात माझ्या काउंटरवर चार जणांनी तोच दाखवला, त्यातल्या दोघांना शुगर आहे. म्हणून सवड काढून लिहिते आहे.

मेसेजमध्ये जे आहे ते थोडक्यात असं: रात्री दोन जायफळं दुधात उगाळून घ्या, घोरणं हे गाढ झोपेचं लक्षण, पहाटे ३ ते ५ जाग येते म्हणजे फुफ्फुसात विष साठलंय, झोपताना दोन ग्लास पाणी प्यायलं की हार्ट अटॅक येत नाही, रात्री ९ ला अंथरुणावर पडायचंच, झोप येवो न येवो, तळपायाला तेल चोळा, आणि सातवं, हे २१ दिवस केलं की बीपी-शुगरच्या गोळ्या बंद करा, शरीर स्वतःच दुरुस्त होतं.

सातव्यापासूनच सुरू करते, कारण जीव जाण्याची भीती तिथं आहे.

बीपी वाढलेलं असताना बहुतेकांना काहीच होत नाही. डोकं दुखत नाही, चक्कर येत नाही. त्यामुळं गोळी बंद केली तरी पहिले काही दिवस माणूस ठणठणीत दिसतो आणि मेसेज खरा वाटायला लागतो. मामांना दोन गोळ्या आहेत, ॲम्लोडिपीन आणि मेटोप्रोलॉल. मेटोप्रोलॉल हृदयाला ॲड्रिनॅलिनच्या, म्हणजे ताणात उसळणाऱ्या हार्मोनच्या, माऱ्यापासून जरा आडोसा देते. रोज आडोशाला राहिलेलं हृदय त्या माऱ्याला जास्त हळवं होतं. गोळी एका दिवसात काढून घेतली की धडधड, छातीत दुखणं आणि ज्याला आधीच हृदयविकार आहे त्याला अटॅकसुद्धा येऊ शकतो. ती एकदम बंद करू नये, असा इशारा औषधाच्या माहितीपत्रकातच असतो. कमी करायची झाली तर डॉक्टर टप्प्याटप्प्यानं कमी करतात. शुगरच्या गोळ्या आणि इन्सुलिन मनानं बंद करणंही तितकंच घातक. त्यावर आणखी काय लिहू?

यात एक अर्धसत्य आहे, ते मान्य करते. चांगल्या झोपेत रक्तदाब दिवसापेक्षा साधारण १० ते २० टक्के खाली येतो. ज्यांची झोप कायम अपुरी असते त्यांच्यात बीपी आणि शुगर जास्त आढळते, हेही खरं. पण झोप सुधारल्यावर डोस कमी करायचा का, हे डॉक्टर मोजून ठरवतात. आणि मामांचं बीपी दोन-दोन गोळ्या घेऊनही का उतरत नव्हतं, याचं उत्तर त्याच मेसेजच्या दुसऱ्या मुद्द्यात दडलेलं होतं. मेसेजनं ते उलटं करून सांगितलं होतं, एवढंच.

"घोरणारा माणूस भाग्यवान, त्याची झोप सर्वांत गाढ." हे वाक्य आपल्याकडं मेसेज येण्याआधीपासून आहे. लग्नाच्या हॉलवर, एसटीत, घरोघरी आपण ते हसत म्हणतो. थोडंसं घोरणं, सर्दी झालेली असताना घोरणं, याला कुणी आजार म्हणत नाही. पण रोजचं मोठं घोरणं, त्यात मध्येच पडणारा खंड आणि मग धाप लागल्यासारखा आवाज, ही गोष्ट वेगळी आहे. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, जीभ मागं सरकते, हवेची वाट अरुंद होते. अरुंद वाटेनं हवा जाताना घशाचा मऊ भाग थरथरतो, तो आवाज म्हणजे घोरणं. वाट पूर्ण मिटली की आवाज बंद होतो. छाती श्वास ओढायला धडपडत असते आणि हवा आत जात नसते. रक्तातला ऑक्सिजन उतरतो, मेंदू घाबरून माणसाला अर्धवट जागं करतो, स्नायू ताठतात, मोठा श्वास येतो आणि पुन्हा घोरणं सुरू. सकाळी त्या माणसाला यातलं काहीच आठवत नाही. याला स्लीप ॲप्निया म्हणतात. श्वास दहा सेकंद किंवा त्याहून जास्त थांबला तर तो एक झटका धरतात. तपासणीत असे पूर्ण किंवा अर्धवट अडलेले श्वास तासाला ३० च्या वर गेले तर आजार तीव्र. दर झटक्याला ॲड्रिनॅलिन उसळतं, बीपी चढतं. रात्री जे उतरायला हवं तेच रात्रभर चढत राहतं.

मी आत्तीला विचारलं, मामांचं घोरणं मध्येच थांबतं का? ती म्हणाली, "थांबतंय की. मधी मधी एकदम शांत होत्यात. तवाच माझा डोळा लागतोय."

ते ऐकून माझ्या अंगावर काटा आला. जी शांतता तिला नवऱ्याची गाढ झोप वाटत होती, तेव्हा त्याचा श्वास बंद होता.

फ्रान्सिस चंग या टोरोंटोच्या भूलतज्ज्ञ. ऑपरेशनआधी कुणाला हा आजार असू शकेल हे पटकन ओळखता यावं म्हणून त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये एक साधी प्रश्नावली प्रसिद्ध केली. आठ प्रश्न, उत्तर फक्त हो किंवा नाही. आज जगभर ती वापरतात. मोठ्यानं घोरता का? दिवसा थकवा किंवा झोप येते का? झोपेत श्वास थांबलेला कुणी पाहिलाय का? बीपी आहे का? बीएमआय (उंचीच्या मानानं वजनाचा आकडा) ३५ च्या वर? वय ५० च्या वर? मानेचा घेर ४० सेंटिमीटरच्या वर? पुरुष आहात का? तीन-चार हो आले तर धोका मध्यम, पाच किंवा जास्त आले तर मोठा.

मामांची मान आत्तीच्या शिलाई मशीनच्या टेपनं मोजली, ४२ भरली. दुकानात गल्ल्यावर बसल्या बसल्या त्यांना डुलकी लागते हे सगळ्या गल्लीला माहीत आहे, ते आम्ही वयावर घालत होतो. सकाळी उठल्यावर डोकं जड, तोंड कोरडं, रात्रीतून तीनदा लघवीला उठणं, सगळं होतं. आठपैकी सात हो. नाही आलं ते फक्त बीएमआयचं. बायकांनी एक लक्षात ठेवावं, हा आजार बायकांनाही होतो, पाळी गेल्यावर जास्तच. पण बाई घोरते हे घरात कुणी बोलत नाही.

प्रश्नावली म्हणजे निदान नव्हे, निदान तपासणीनं होतं. बोटाला ऑक्सिजन मोजणारा चिमटा, छातीला पट्टा, नाकाशी बारीक नळी, हे लावून मामा एक रात्र घरीच झोपले. तासाला ४१ झटके निघाले. ऑक्सिजन ७४ टक्क्यांपर्यंत उतरला होता. गोळ्या बंद करून "गाढ" झोपलेला माणूस तो हाच.

आता सीपॅप नावाचं मशीन लावलंय. नाकावर मास्क, त्यातून हलक्या दाबाची हवा, तेवढ्यानं घशाची वाट मिटत नाही. ऑस्ट्रेलियात कॉलिन सुलिव्हन यांनी १९८१ मध्ये हा उपाय मांडला. त्याआधी तीव्र रुग्णांच्या गळ्याला भोक पाडून श्वासाची वाट करून द्यावी लागायची. मशीन स्वस्त नाही आणि पहिल्या आठवड्यात मामांनी ते दोनदा काढून फेकलं, हेही सांगते. सोबत वजन कमी करणं, कुशीवर झोपणं, रात्री दारू न घेणं. नैसर्गिक उपाय हवेत ना? हे आहेत, आणि ते उपयोगी पडतात. मामा आता रोज रंकाळ्याला चालायला जातात.

याला जोडूनच माझ्या काउंटरवरची गोष्ट सांगते. "मालक फार घोरतात, झोप नीट नाही, एक झोपेची गोळी द्या" असं म्हणत लोक येतात. अल्प्राझोलामसारखी गोळी मी चिठ्ठीशिवाय देत नाही, कायद्यानं देताच येत नाही, तिची वेगळी नोंद ठेवावी लागते. लोक रागावून दुसऱ्या दुकानात जातात. पण घशाचे स्नायू आधीच सैल पडणाऱ्या माणसाला अशी गोळी दिली तर ते आणखी सैल पडू शकतात आणि मेंदूची जागं करण्याची ताकदही मंदावते. आणि जे महिनोन् महिने ही गोळी घेतायत त्यांनी मेसेज वाचून ती एका रात्रीत सोडू नये. झोप पूर्ण उडते, काहींना फिटसुद्धा येते. तीही हळूहळू, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सुटते.

जायफळाचं सांगते. बासुंदीत, पुरणात चिमूटभर जायफळ घालतो त्याला कुणाची ना नाही. गंगावेशीच्या दूध कट्ट्यावरचं म्हशीचं दूध गरम करून, त्यात नखभर जायफळ उगाळून प्यायलं आणि बरं वाटलं तर जरूर प्या. पण मेसेज म्हणतो दोन जायफळं. सुमारे ५ ग्रॅमपासून जायफळाची विषबाधा झाल्याच्या नोंदी आहेत, आणि एकच मोठं जायफळ तेवढं भरतं. त्यात मिरिस्टिसीन नावाचं द्रव्य असतं. तोंडाला कोरड, मळमळ, जोराची धडधड, भास. परिणाम काही तासांनी दिसतो, म्हणजे घरचे झोपलेले असताना. हृदयाच्या रुग्णाला हे पाजायचं? आत्तीनं सुदैवानं अर्धंच उगाळलं होतं, कारण घरात जायफळ एकच होतं.

रात्री ९ ला पडायचंच, हा सल्ला वरवर शहाणा वाटतो, पण ज्याला झोप लागत नाही त्याचं तो नुकसान करतो. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सनं २०१६ मध्ये जुनाट निद्रानाशावर पहिला उपाय म्हणून गोळी सांगितली नाही, सवयी आणि विचार बदलणारी उपचारपद्धती सांगितली. तिचा गाभा मेसेजच्या बरोबर उलट आहे. झोप आल्याशिवाय अंथरुणावर जायचं नाही. वीसेक मिनिटांत डोळा लागला नाही तर उठून दुसऱ्या खोलीत मंद उजेडात बसायचं, झोप आली की परत जायचं. रात्र कशीही गेली तरी सकाळी उठायची वेळ एकच. अंथरुणावर टीव्ही, मोबाईल, हिशेब काही नाही. तळमळत पडून राहिलं की अंथरूण म्हणजे तळमळ, ही गाठ मेंदूत पक्की बसते. पहिले काही दिवस दिवसा झोप येते, तेव्हा गाडी चालवणाऱ्यांनी जपावं. फिटचा आजार असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारूनच करावं.

तळपायाच्या तेलाबद्दल मात्र मला माघार घ्यावी लागते. स्वित्झर्लंडमधल्या बाझलच्या संशोधकांनी १९९९ मध्ये 'नेचर'मध्ये दाखवलं होतं की हातपाय उबदार असले की झोप लवकर लागते, कारण तिथल्या रक्तवाहिन्या रुंदावून शरीराची आतली उष्णता बाहेर पडते. चोळल्यानं पाय ऊब धरत असतील. चोळा. फक्त तेलकट पायानं फरशीवर उतरू नका, आणि शुगरमुळं पाय बधिर असतील तर तेल फार गरम करू नका.

पाण्यानं हार्ट अटॅक टळतो याला काही आधार नाही. दोन ग्लास पिऊन सत्तरीचा माणूस दोनदा अंधारात उठतो आणि न्हाणीघरात पडतो. पहाटेची जाग फुफ्फुसातल्या विषामुळं येत नाही. रात्रीचा दुसरा भाग मुळात हलक्या झोपेचा असतो आणि वयानुसार ती आणखी हलकी होते. लघवीसाठी जाग येत असेल तर शुगर आणि प्रोस्टेट बघा. पहाटे जाग येऊन मन उदास, भरून आलेलं असेल तर तेही डॉक्टरांना सांगण्यासारखंच आहे. संध्याकाळचा चहा मात्र मेसेजमध्ये कुठंच नाही. चहातलं कॅफिन निम्मं उतरायला साधारण पाच तास लागतात. आपल्याकडं सातला चहा, साडेदहाला तांबडा रस्सा आणि अकराला आडवं, मग छातीत जळजळतं आणि झोप येत नाही म्हणून जायफळ शोधायचं.

परवा भजनाच्या आधी आत्तीनं स्वतः उभं राहून हे सगळं बायकांना सांगितलं. घोरणं थांबलं की घड्याळ बघा, दहा सेकंदांच्या वर गेलं तर मोबाईलवर रेकॉर्ड करा आणि डॉक्टरांना ऐकवा, असं. तिघींनी त्याच रात्री बसून बघितलं. त्यातल्या एकीच्या मालकांची तपासणी येत्या मंगळवारी आहे.