काट्याने काटा

गड्ड्याच्या यात्रेला आमच्याकडे पाहुणे येतात, शेंगांच्या चटणीबरोबर कडक भाकरी बेताबाहेर खातात आणि मग पोटावरून हात फिरवत सोड्याची आठवण काढतात. तो आणायला कोपऱ्यापर्यंत धावणारा माणूस गेली कित्येक वर्षे मीच असल्यामुळे, यंदा मी 2 किलो कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर, रेग्युलेटर आणि नळी असा सगळा संसारच घरी आणला.

सिलिंडरातला दाब दाखवणारा काटा सकाळी 60 बारच्या आसपास असे आणि दुपारी सत्तरीकडे सरके. दुपारी गॅस आपोआप वाढतो, हा शोध मी घरात जाहीर केला, तेव्हा सौभाग्यवती म्हणाल्या, "मग तेवढं दूधही दुपारी वाढवून दाखवा." तरीही तीस बाटल्या होऊन काटा खाली येईना, म्हणून मी शेजाऱ्यांना मुद्दाम बोलावून तो दाखवला. पुढच्याच रविवारी, साडू सहकुटुंब आलेले असताना, दोन बाटल्यांत तो काटा शून्यावर जाऊन आडवा झाला आणि मी पुन्हा कोपऱ्याकडे धावलो.

सिलिंडर भरून देणाऱ्या पोराने माझी कैफियत शांतपणे ऐकली. "काका, तो काटा गॅस किती उरला ते सांगत नाही, सिलिंडर किती तापला ते सांगतो," तो म्हणाला. आत दाबाखाली द्रव भरलेला असतो. वरचा वायू आपण जसजसा काढून घ्यावा, तसतसा द्रव उकळून ती जागा भरून काढतो. त्यामुळे तापमान तेच असेल, तर शेवटचा थेंब संपेपर्यंत दाबही तोच राहतो. 20 अंशांना तो सुमारे 57 बार असतो. म्हणजे महिनाभर मी ज्याला शिलकीचा हिशेब समजत होतो, तो निव्वळ हवामानाचा अंदाज होता.

"बाटल्या किती झाल्या?" त्याने विचारले. मी अभिमानाने बत्तीस म्हणालो. लिटरभर चांगल्या सोड्यात 7-8 ग्रॅम गॅस मुरतो, तेव्हा थोडा वाया गेला तरी 2 किलोंत शे-दीडशे बाटल्या सहज व्हायला हव्यात, हे गणित त्याने तोंडीच केले. घरी येऊन भरलेल्या सिलिंडरच्या जोडावर साबणाचे पाणी लावले, तर वॉशरपाशी असा फेस आला की तसा माझ्या एकाही सोड्याला आला नव्हता.

खरी शिल्लक कळते ती वजनाच्या काट्यावर. रिकाम्या सिलिंडरचे वजन त्याच्या खांद्यावर ठोकलेले असते, ते वजा केले की उरतो तो गॅस. स्वयंपाकाच्या सिलिंडरच्या बाबतीत आमची आई हेच करत आली आहे, पण तिला विचारणे मला सुचले नव्हते. घरात काटा नसल्यामुळे मी सिलिंडर रद्दीवाल्याकडे नेला. त्याने तो तोलला, ठोकून पाहिला आणि लोखंडाचा भाव सांगितला.

दाबाचा काटा बिनकामाचा असतो, हे मी घरात सर्वांना पटवून देतो न देतो तोच एप्रिल उजाडला आणि काटा बाटलीगणिक खाली येऊ लागला. कार्बन डायऑक्साइड 31 अंशांपलीकडे द्रव म्हणून राहतच नाही. दाब कितीही असो, द्रव आणि वायू हा भेदच मिटतो. पुस्तकातले नियम वीस अंशांच्या खोलीत लिहिलेले असतात आणि आमच्या घरात एप्रिलच्या दुपारी वीस अंश फक्त फ्रिजमध्ये सापडतात. तिथेही आता सोड्याच्या पाण्याने दोन कप्पे अडवले आहेत, कारण कोमट पाण्यात गॅस मुरत नाही.

शेवटी सिलिंडर घरातल्या सर्वांत गार कोपऱ्यात, भिंतीला बांधून उभा ठेवला. आडवा केला तर द्रव रेग्युलेटरात शिरतो. त्या कोपऱ्यात चादर अंथरून दुपारची झोप घेण्याची माझी वहिवाट होती. परंतु हा वायू हवेपेक्षा दीडपट जड असल्यामुळे गळला तर जमिनीलगत साचतो आणि तिथे निजलेल्या माणसाचा श्वास कोंडू शकतो, असे कळल्यावर सौभाग्यवतींनी माझी चादर उचलून गॅलरीत टाकली. तिथे झळा लागतात. मात्र कोपऱ्यावरची सोड्याची गाडी तिथून स्पष्ट दिसते.