गौताळ्यात निलगिरी रॉबिन? नाही ओ, तो टिकेल आहे

दोन दिवसांपासून ज्या ग्रुपवर जावं तिथं तोच फोटो. खाली लिहिलंय की हा निलगिरी ब्लू रॉबिन, फक्त कोडाईकॅनालला दिसतो, थंडीमुळं उडत उडत आपल्या कन्नडजवळच्या गौताळा अभयारण्यात आला, चंदन नाल्यापाशी सापडला. सापडला खरा, पण पक्षी दुसराच आहे राव.

आधी फोटो झूम करा. गळा अन् छाती नारंगी, पोट पांढरं, पाठ निळी, म्हणजे टिकेलचा निळा माशीमार, नर. निलगिरीवाल्याचं नेमकं उलटं असतं, त्याची छाती पाठीसारखीच गडद निळी अन् नारंगी रंग खाली पोटाच्या बाजूंना, शिवाय डोळ्यावर बारीक पांढरी भुवई. नारंगी वर का खाली, एवढं बघितलं तरी भांडण मिटतं. दुसरं म्हणजे बसणं. फोटोतला वाळक्या फांदीवर ताठ बसलाय, पाय आखूड. मी परवा त्याच नाल्यात अर्धा तास बसलो, तो फांदीवरून सुटायचा, हवेतच किडा टिपायचा अन् परत त्याच फांदीवर. रॉबिन असं करत नाही, तो लांब पायांचा, अंधाऱ्या झाडोऱ्यात जमिनीलगत पळणारा.

अन् कोडाईकॅनालला निलगिरीवाला नसतोच! तिथं त्याचा भाऊबंद, पांढऱ्या पोटाचा ब्लू रॉबिन. मधी सह्याद्रीतली पालघाटची खिंड आहे, तीस-चाळीस किलोमीटर रुंद अन् सखल, डोंगरावरच्या या पक्ष्यांना तीच ओलांडता आली नाही म्हणून अलीकडं एक जात, पलीकडं दुसरी. 2017 मध्ये दोघांचा मिळून शोलिकोला असा नवा गट केला, ते राहतात त्या शोला जंगलावरून.

आता मला सांगा, जो खिंड ओलांडत नाही तो हजारेक किलोमीटर उडून कन्नडला कामून येईल? वर्षभर एकाच डोंगरावर राहणारा पक्षी आहे तो, थंडीत स्थलांतर-बिलांतर काही करत नाही.

'गौताळा पण डोंगरच की' असं एकानं लिहिलंय. डोंगर आहे, पण आपलं जंगल पानगळीचं, उन्हाळ्यात नुसत्या काड्या. शोला म्हणजे उंचावरचं बारमाही हिरवं, ढगात भिजलेलं रान.

पक्षी ओळखायच्या ॲपनं नाव सांगितलं म्हणता, पण स्क्रीनशॉटमध्ये लोकेशनच टाकलेलं नाही, मंग ते बिचारं काहीही सांगणार.

फोटो मात्र झकास आलाय. टिकेलच्या नावानं परत टाका, नोंद म्हणून मी पण शेअर करतो.